जीएसटी पोर्टलची व्याजमोजणी: कामाची, पण अर्धवट माहितीवर फसणारी

जीएसटीआर-३बी, म्हणजे विक्री-कराचा गोषवारा देऊन कर भरायचं रिटर्न, उशिरा भरलं, की पोर्टल व्याज स्वतः मोजून पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये, तक्ता ५.१ मध्ये आणून ठेवतं. सोय चांगली आहे. दर वर्षाला १८ टक्के, आणि तो फक्त रोखीने भरलेल्या करावर. समजा कर १,००,००० रुपये, त्यातले ६०,००० क्रेडिटमधून (खरेदीवर आधीच भरलेल्या कराच्या वजावटीतून) वळते केले आणि रिटर्न १० दिवस उशिरा गेलं. मग हिशेब ४०,००० × १८% × १०/३६५, म्हणजे साधारण १९७ रुपये. हे व्याज क्रेडिटमधून फेडता येत नाही, कॅश लेजरमध्ये (पोर्टलवरच्या रोख रकमेच्या खात्यात) तेवढी शिल्लक लागते.

गडबड व्हायची ती राहून गेलेल्या बिलांत. २०२५ पर्यंत एप्रिलचं बिल जूनच्या रिटर्नमध्ये दाखवलं तर पोर्टलला ते जूनचंच वाटायचं आणि व्याज शून्य यायचं. म्हणून भरण्याच्या टप्प्यावर ‘टॅक्स लायबिलिटी ब्रेकअप’ (कुठल्या महिन्याचा किती कर, ही फोड) उघडून एप्रिलची रक्कम एप्रिलपुढे स्वतः लिहावी लागायची; २०२६ पासून पोर्टल ती बिलाच्या तारखेवरून आपोआप भरतं. बरेच जण हे पानच उघडत नसत, आणि नोटीस आली की चिडत पोर्टलवर! विलंब शुल्काचा हिशेब वेगळा, तो या व्याजात धरू नका.