इंग्लंडमध्ये दातांसाठी कुठे जावं: एनएचएस, खासगी, डेंटल हॉस्पिटल की भारत?

जीपीकडे (भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवलं म्हणजे दातांचीही सोय झाली, हा समज बहुतेकांचा पहिल्या ठणक्यापर्यंत टिकतो. जीपी आणि डेंटिस्ट या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. व्हिसाबरोबर भरलेल्या हेल्थ सरचार्जमुळे (प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड, विद्यार्थी आणि १८ वर्षांखालच्यांना ७७६) दातांचे उपचार फुकट होत नाहीत. त्याचे पैसे एनएचएसमध्येही (सरकारी आरोग्यसेवेतही) वेगळे द्यावे लागतात. मग उरतात चार वाटा: एनएचएसचं काम करणारी प्रॅक्टिस (दातांचा दवाखाना), खासगी प्रॅक्टिस, डेंटल हॉस्पिटलमधले विद्यार्थी, आणि आपल्याकडे सर्रास निवडली जाणारी चौथी, म्हणजे सुट्टीत भारतात जाऊन काम उरकणं.

आमचा कौल आधीच सांगतो. काही दुखत नसताना एनएचएसच्या प्रॅक्टिसमध्ये शिरकाव करून ठेवा. बाकीच्या तीन वाटा गरजेपुरत्या वापरा. असं का, ते पैशांच्या हिशेबात दिसतं.

पैशांचा हिशेब

इंग्लंडमध्ये एनएचएसचे दर तीन बँडमध्ये, म्हणजे तीन पायऱ्यांत, आहेत आणि साधारणपणे दर एप्रिलमध्ये बदलतात. खालचे एनएचएस दर १ एप्रिल २०२५ ला लागू झालेले आहेत, आताचे बघून घ्या. खासगी दरांना कसलंही बंधन नसतं, त्यामुळे तो स्तंभ ढोबळ समजावा. लंडनमध्ये त्याहून जास्तही लागतात.

| काम | एनएचएस | खासगी, ढोबळ |
|---|---|---|
| तपासणी, एक्स-रे, गरज असल्यास स्केलिंग (दातांवरचा थर काढणं) | २७.४० पौंड (बँड एक) | ६० ते १५० |
| एक फिलिंग | ७५.३० (बँड दोन) | १०० ते २५० |
| दाढेचं रूट कॅनाल | ७५.३० (बँड दोन) | ५०० ते १,००० |
| कॅप, ब्रिज किंवा कवळी | ३२६.७० (बँड तीन) | ६०० च्या पुढे |

या तक्त्यातून एक गोष्ट दिसत नाही, आणि महत्त्वाची तीच आहे. एनएचएसचा दर एकेका दातावर नसून पूर्ण उपचाराच्या एका कोर्सवर असतो. तपासणी, तीन फिलिंग, एक रूट कॅनाल आणि एक दात काढणं हे सगळं एकाच कोर्समध्ये झालं, तर एकूण ७५.३० पौंड. त्यातच एक कॅप आली तर एकूण ३२६.७०, खालच्या बँडचे पैसे त्यावर चढत नाहीत. म्हणून रूट कॅनाल ठरताना लगेच विचारा, की या दाढेला कॅप लागणार आहे का, आणि लागणार असेल तर ती याच कोर्समध्ये धरता येईल का. कोर्स बंद झाल्यावर कॅप सुचवली, तर बँड तीनचे पैसे नव्याने द्यावे लागतात. कोर्स संपल्यापासून दोन महिन्यांत त्याच किंवा खालच्या बँडचं काम निघालं, तर पुन्हा पैसे लागत नाहीत. फिलिंग, रूट कॅनाल किंवा कॅप १२ महिन्यांत निकामी झाली, तर त्याच प्रॅक्टिसने ती सहसा फुकट दुरुस्त करून द्यायची असते.

थोडक्यात, नुसत्या तपासणीपुरता फरक सोसण्यासारखा आहे. तोंडात चार ठिकाणी काम असेल, तर फरक काही पटींत जातो.

मग एनएचएसचे दरवाजे बंद का असतात?

बऱ्याच प्रॅक्टिस एनएचएसवर नवे पेशंट घेत नाहीत, त्या नेमक्या ह्याच कारणाने: काम कितीही निघालं तरी कोर्सचे पैसे ठरलेले. २००६ पासूनच्या करारात प्रॅक्टिसला 'यूडीए' नावाच्या एककांत पैसे मिळतात. तपासणीला १, एक-दोन फिलिंगना ३, तीन किंवा जास्त दातांवर काम असेल तर ५, दाढेच्या रूट कॅनालला ७, कॅप किंवा कवळीला १२. (५ आणि ७ हे आकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये आले, त्याआधी या सगळ्याला सरसकट ३ च होते.) एका यूडीएची किंमत प्रत्येक प्रॅक्टिसची वेगळी. २०२४ मध्ये ती किमान २८ पौंड केली गेली. त्या दराने दाढेच्या रूट कॅनालचे १९६ पौंड होतात, आणि त्यात तास-दीड तास खुर्ची अडते, नर्सचा पगार आणि फाईल्सचा (रूट कॅनालच्या बारीक सुयांचा) खर्च निघतो. उलट निरोगी तोंडाची तपासणी १०-१५ मिनिटांत संपते आणि २८ पौंड मिळतात. बरीच वर्षं डेंटिस्टकडे न गेलेला नवा पेशंट म्हणजे प्रॅक्टिसच्या दृष्टीने तोट्याची शक्यता. त्यात वैयक्तिक काही नाही.

ह्याच कराराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. ठरलेल्या कामाच्या ९६ टक्क्यांहून कमी काम झालं, तर पैसे परत करावे लागतात. कोटा लवकर संपला, तर वरच्या कामाचे पैसे जवळजवळ मिळत नाहीत. म्हणजे कोटा संपवून बसलेली प्रॅक्टिस एप्रिलमध्ये दार उघडते, आणि मागे पडलेली जानेवारी ते मार्चमध्ये पेशंट शोधत असते. ऑक्टोबरात 'नाही' म्हणालेल्या ठिकाणी जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोन करणं यासाठीच फायद्याचं.

शिरकाव कसा करायचा

इंग्लंडमध्ये डेंटिस्टकडे जीपीसारखी कायमची नोंदणी नसते. प्रॅक्टिसची जबाबदारी चालू कोर्सपुरती. कोर्स संपला की कागदोपत्री नातं संपतं. तरी जुन्या पेशंटना परत बोलावण्याची पद्धत आहे आणि 'जागा मिळाली' म्हणतात ती हीच. दुसरी बाजू अशी की पत्त्याचं बंधनही नाही. घरापासून ४० मैलांवरच्या गावात जागा असेल, तर तिथे जाता येतं. शहराबाहेर, ऑफिसच्या वाटेवर, नातेवाईकांच्या गावी शोधा.

एनएचएसच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की प्रॅक्टिसची यादी आणि प्रत्येकीपुढे नवे पेशंट घेते की नाही ते दिसतं. प्रॅक्टिसने ही माहिती दर ९० दिवसांनी अद्ययावत करायची असते, म्हणजे ती तीन महिने शिळी असू शकते. यादीत 'नाही' असलं तरी फोन करा. फोनवर मोघम विचारू नका. प्रश्न असे हवेत: नवे प्रौढ पेशंट एनएचएसवर घेताय का? पहिली तपासणी एनएचएसवरच होईल ना? नसेल, तर वेटिंग लिस्ट आहे का, आणि कोणी अपॉइंटमेंट रद्द केली तर मला कळवाल का? दुसरा प्रश्न गाळला, तर 'पुढच्या मंगळवारी या' असं प्रेमाने सांगितलं जातं आणि ती अपॉइंटमेंट खासगी निघते. काही ठिकाणी फक्त मुलं घेतात. मुलांना तरी तिथे लावून टाका, पहिल्या वाढदिवसाआधी पहिली तपासणी व्हावी असा सल्ला आहे.

पहिल्या भेटीत चालू औषधांची नावं (विशेषतः रक्त पातळ करणारी), ॲलर्जी, आणि पैसे माफ असतील तर त्याचा पुरावा जवळ ठेवा. माफी कोणाला: १८ वर्षांखालची मुलं, पूर्णवेळ शिक्षण घेणारे १८ वर्षांचे, गरोदर बाई किंवा गेल्या १२ महिन्यांत बाळंत झालेली, ठरावीक सरकारी भत्ते घेणारे, आणि एचसी२ प्रमाणपत्र असलेले. हे प्रमाणपत्र कमी उत्पन्नासाठी असतं, एचसी१ अर्ज भरून मिळतं, आणि बचत १६,००० पौंडांच्या वर असेल तर मिळत नाही. शिष्यवृत्तीवर किंवा अर्धवेळ कामावर जगणारे बरेच विद्यार्थी अर्जच करत नाहीत, हे पाहून वाईट वाटतं. युनिव्हर्सल क्रेडिटवर (कमी उत्पन्नाच्या सरकारी भत्त्यावर) असाल, तर आधीच्या हप्त्याच्या काळातली कमाई ४३५ पौंडांपर्यंत हवी. भत्त्यात मुलासाठीचा किंवा आजारपणामुळे काम न करता येण्याचा जादा भाग मिळत असेल, तर ९३५ पर्यंत. भत्ता आहे म्हणून सरसकट सही ठोकू नका. चुकीची माफी घेतली तर मूळ रकमेवर १०० पौंडांपर्यंत दंड लागतो, आणि फॉर्मवर सही तुमची असते. रिसेप्शनिस्टने 'हो, चालेल' म्हटलं होतं हे कारण चालत नाही.

मिळालेली जागा जाते ती दोन कारणांनी. न कळवता अपॉइंटमेंट बुडवली, तर एनएचएसमध्ये त्याचे पैसे लावता येत नाहीत, पण पुढे घ्यायला नकार देता येतो. आणि साधारण दोन वर्षं फिरकला नाहीत, तर नाव काढून टाकतात. प्रौढांची पुढची तपासणी ३ ते २४ महिन्यांत कधीही ठरू शकते. दर सहा महिन्यांनी बोलावलंच पाहिजे असा नियम नाही. दात चांगले असतील आणि २४ महिन्यांनी या म्हटलं, तर तारीख तिथेच पक्की करा.

खासगीत जास्तीचं काय मिळतं

वेळ मिळते, आठवड्यात, कधी त्याच दिवशी. संध्याकाळची, शनिवारची सोय, अपॉइंटमेंट लांब, साहित्याची निवड जास्त. दाढेत पांढरं फिलिंग केवळ दिसण्यासाठी हवं असेल, तर एनएचएस ते देईलच असं नाही. चांदीचं पुरेसं असेल तर तेच मिळतं. इम्प्लांट एनएचएसवर अगदी क्वचित, मोठा अपघात किंवा कॅन्सरसारख्या कारणाने. दात सरळ करणं प्रौढांसाठी जवळजवळ खासगीच. इथे तुलनेला फार जागा नाही.

महिना ठरावीक रक्कम भरण्याची योजना आणि विमा यांत गल्लत होते. योजना एका प्रॅक्टिसशी बांधलेली असते. त्यात वर्षाच्या दोन तपासण्या, दोन स्केलिंग आणि बाकीच्या कामावर सूट असा मामला असतो. विम्यात आधीपासूनचे दोष वगळलेले असतात, सुरुवातीचे काही महिने दावा करता येत नाही, आणि वार्षिक मर्यादा असते. तोंडात काम दिसत असताना विमा घेऊन ते त्यातून करून घ्यायचा बेत जमत नाही. कंपनीकडून मिळणारा कॅश प्लॅन मात्र वापरा: पावती दाखवली की एनएचएसचे पैसेही मर्यादेपर्यंत परत मिळतात.

एकाच प्रॅक्टिसमध्ये थोडं एनएचएस, थोडं खासगी असं मिश्रण चालतं, आणि बहुतेक भांडणं तिथेच उगवतात. बँड दोन, बँड तीन किंवा मिश्र उपचार असेल, तर लेखी आराखडा मिळायला हवा; त्यात कुठलं काम एनएचएसवर, कुठलं खासगी आणि किती पौंडांचं, हे वेगळं लिहिलेलं असतं. तो हातात आल्याशिवाय खुर्चीत आडवं होऊ नका. एनएचएसवर उपचार चालू असताना 'रूट कॅनाल एनएचएसवर होत नाही, खासगीत करून देतो' असं कोणी म्हटलं, तर ते चूक आहे. वैद्यकीय गरजेचं काम एनएचएसवर द्यायलाच हवं. फार अवघड असेल तर पुढे पाठवायला हवं. हिरडीच्या आजारासाठी लागणारी सफाईही त्यातच येते, हायजिनिस्टकडची (दातांची सफाई करणाऱ्या तज्ज्ञाकडची) खासगी सफाई त्याऐवजी लादता येत नाही. तक्रार आधी प्रॅक्टिसकडे किंवा भागातल्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे (तिथल्या एनएचएसचं नियोजन करणाऱ्या मंडळाकडे), समाधान झालं नाही तर आरोग्य लोकपालाकडे. खासगी कामाची तक्रार डेंटल कम्प्लेंट्स सर्व्हिसकडे.

डेंटल हॉस्पिटल

लंडनमध्ये गाय्ज, किंग्ज, रॉयल लंडन. शिवाय बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड, लिव्हरपूल, न्यूकॅसल, ब्रिस्टल. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि उपचार फुकट असतात. कामाचा दर्जा चांगला, कारण प्रत्येक टप्पा शिक्षक तपासतो. त्याच कारणाने एका फिलिंगला अख्खी दुपार जाते. आधी निवड-तपासणी होते आणि शिकवायला योग्य केसच घेतली जाते. फार सोपी किंवा फार किचकट असेल, तर नकार. दिवसा वेळ असलेल्यांना उत्तम, नऊ ते पाचच्या नोकरीला जवळजवळ अशक्य.

आत्ता दुखतंय आणि डेंटिस्ट नाही

एनएचएस १११ ला फोन करा किंवा त्यांच्या संकेतस्थळावर प्रश्न भरा. भागातल्या तातडीच्या क्लिनिकची वेळ तिथून मिळते, दर बँड एकचा (तक्त्यातले २७.४० पौंड). सकाळी लवकर प्रयत्न करा. तिथे दुखणं थांबवण्यापुरतं काम होतं: पू काढणं, तात्पुरतं भरणं, दात काढणं. पुढचं रूट कॅनाल वेगळा कोर्स आणि वेगळे पैसे. जीपीकडे जाण्यात वेळ घालवू नका, त्यांना दातांचं काम करता येत नाही. आणि नुसत्या अँटिबायोटिकने आतला पू जात नाही, काही दिवस दबतो. सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे सरकतेय, श्वास घ्यायला, गिळायला किंवा बोलायला त्रास होतोय, किंवा रक्त थांबत नाही, तर थेट ए अँड ई (हॉस्पिटलचा तातडीचा विभाग) किंवा ९९९ वर फोन.

स्कॉटलंडमध्ये चित्र वेगळं आहे. तिथे खरोखरची नोंदणी होते आणि २०१० पासून ती आयुष्यभराची आहे. तपासणी सर्वांना फुकट, २६ वर्षांखालच्यांना उपचारही फुकट, बाकीच्यांना खर्चाच्या ८० टक्के, कोर्सला जास्तीत जास्त ३८४ पौंड. तिकडे राहत असाल, तर वरचा बँडचा हिशेब विसरा.

भारतात जाऊन करणं

एनएचएसची जागा असेल, तर फिलिंग किंवा रूट कॅनालसाठी भारताची वाट पाहण्यात अर्थ नाही. किडलेली दाढ तिकिटाच्या तारखेपर्यंत थांबत नाही. खासगीत अनेक कॅप्स किंवा इम्प्लांट करायचे असतील, तर मात्र हिशेब भारताच्या बाजूने झुकतो. अडचण वेळेची. इम्प्लांटचा स्क्रू बसवल्यावर तो हाडात घट्ट व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, म्हणजे दोन फेऱ्या. कॅपला माप, लॅब आणि बसवल्यावर चाव्याची दुरुस्ती, असे किमान दहा-बारा दिवस हाताशी हवेत. काम पहिल्या आठवड्यात लावा, शेवटच्या नव्हे. तिथे केलेलं काम इथे बिघडलं, तर एनएचएसची १२ महिन्यांची हमी त्याला लागू नाही, आणि खासगी डेंटिस्टही दुसऱ्याच्या इम्प्लांटला हात लावायला कचरतो, कारण स्क्रूची कंपनी माहीत नसेल तर त्याला बसणारे भाग मागवता येत नाहीत. निघण्यापूर्वी उपचाराआधीचे आणि नंतरचे एक्स-रे ईमेलवर घ्या, इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर मागून घ्या, आणि कॅप कुठल्या साहित्याची आहे ते बिलावर लिहून घ्या.