फारसी शिकायचं अ‍ॅप : शब्दार्थ सुमार, ऑडिओ झकास (५ पैकी ३.५)

आमचा दादा बोटीवर असतो, त्यांचा चीफ इंजिनीअर इराणी, म्हणून हे अ‍ॅप घेतलं, म्हणजे पैसे त्याने भरले आणि शिकतेय मी इकडे हर्णैला बसून. रोज एक शब्द, त्याचा अर्थ, खाली वाक्यं आणि इराणी माणसांच्या आवाजातले छोटे संवाद. अर्थाचं खातं अगदीच सुमार, जो काय दम आहे तो संवादांत.

आता 'खस्ते' घ्या. अर्थ दिलाय दमलेला, विषय संपला. आपल्याकडे खस्ता खातात तो शब्द तिकडूनच आलाय, आणि जुन्या फारसीत तर खस्ते म्हणजे जखमी, यातलं अक्षरही नाही. पण संवाद ऐकले की कळतं हा शब्द तिकडे दिवसभर लोकांच्या तोंडात असतो. 'खस्ते नबाशीद' म्हणजे शब्दशः दमू नका, पण समोरचा दमलेला असायलाच पाहिजे असं काही नाही हां, दुकानात शिरताना दुकानदाराला म्हणतात, टॅक्सीतून उतरताना ड्रायव्हरला, ऑफिसातून निघताना अजून काम करत बसलेल्यांना. आणि तास लांबला की पोरं सरांना म्हणतात, म्हणजे आवरा आता! उत्तर द्यायचं 'सलामत बाशीद'. जवळच्या माणसाला शेवटचा द गाळून नुसतं 'नबाशी', आपलं तू-तुम्ही असतं तसंच.

'अज दस्तेत खस्ते शोदम' हे तर भारीच, तुझ्यापुढे हात टेकले बाबा. दादाला पाठवलं तर म्हणतो चीफ हे मला रोज ऐकवतो.

तक्रारी आहेतच. दमलेय याला अ‍ॅप 'खस्ते-अम' शिकवतं, बोलताना इराणी माणूस 'खस्तम' म्हणून मोकळा होतो, ऑडिओत तसंच ऐकू येतं आणि खाली लिहिलेलं वेगळं, नवीन माणूस गोंधळणारच. ख घशातून खरवडून काढायचा असतो हेही कुठे सांगत नाहीत, तो मला शेजारच्या चाचींनी शिकवला, त्यांना उर्दू येतं त्यामुळे स्क्रीनवरचं त्या धडाधड वाचतात, अर्थ मात्र सगळा कळत नाही. बंदर, दर्या, नाखोदा (आपला नाखवा हो) असल्या शब्दांवर आख्खे धडे खर्ची घातलेत, ते आमच्या जेटीवरच्या कुणालाही न शिकता समजतील. ऑफलाइन काही चालत नाही, पावसात इकडे रेंज गेली की अ‍ॅपही झोपलं. कस्टमर केअरला मेल टाकला, उत्तर नाही.

एकदम वर्षाचे पैसे भरू नका, महिन्याचं घ्या, शब्दयादी सोडून द्या आणि संवाद तेवढे कानात हेडफोन घालून परत परत ऐका. मी पुढचा महिना भरतेय, म्हणजे दादा भरतोय.