फॅफ्सा, आयटिनवाली आई आणि ४५० डॉलरचा कन्सल्टंट

लेक यंदा बारावीला, म्हणजे इकडच्या भाषेत सीनियर, त्यामुळे सप्टेंबरपासून आमच्या घरात कॉलेज सोडून दुसरा विषयच नाही. फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी अमेरिकन सरकारची मदत मागायचा फॉर्म, भरून झाला. एक नाही दोन भरले, एक आमचा आणि एक खालच्या मजल्यावरच्या ताईच्या मुलीचा, एकाच टेबलावर, एकाच रविवारी. दोघींचा अनुभव इतका वेगळा की म्हटलं लिहूनच टाकू, इथे पुष्कळ जणांना पुढच्या वर्षी लागेल.

आधी आमचं सांगते. नवरा एच-वनवर, ग्रीन कार्डच्या लायनीत, ती लाईन कधी हलणार ते त्या बालाजीलाच ठाऊक. मी एच-फोरवर, म्हणजे त्याची बायको म्हणून मिळालेल्या व्हिसावर. ईएडी (कामाचा परवाना) काढायचं राहूनच गेलं, धाकटा लहान होता, मग आज करू उद्या करू. म्हणून माझ्याकडे एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही, टॅक्ससाठी काढलेला आयटिन नंबर तेवढा आहे. लेक इथेच जन्मली, सिटिझन. खालची ताई मेक्सिकोची, वाहाकाकडची. तिच्याकडे आणि तिच्या नवऱ्याकडे कसलेच कागद नाहीत, वीसेक वर्षं झाली येऊन. तो छपरांची कामं करतो, दोघं आयटिनवर दरवर्षी टॅक्स भरतात आणि मुलं इथली, सिटिझन. तिला विचारूनच लिहितेय, नाव-गाव अर्थातच नाही.

तर पहिला रिव्ह्यू कन्सल्टंटचा. आमच्या इथल्या प्लाझात लाँड्री आणि टॅक्सवाल्याच्या मधे एक गाळा आहे, बाहेर पाटी लावलीय की कॉलेजचे पैसे मिळवून देतो. ताई तिथे गेली कारण तिथली बाई स्पॅनिश बोलते आणि पाटीवर 'नोतारियो' लिहिलंय. हे नोतारियो प्रकरण मला ताईनेच समजावलं, तिकडे मेक्सिकोत नोतारियो म्हणजे चांगला शिकलेला मोठा वकील, आणि इथे नोटरी म्हणजे नुसता शिक्का मारणारा माणूस, आणि याच गोंधळावर किती जणांची दुकानं चाललीत. ४५० डॉलर रोख घेतले, पावती नाही. अहो, फॅफ्साच्या नावातला पहिला शब्दच 'फ्री' आहे! आणि ४५० घेऊन काय केलं, तर दोन सल्ले दिले. एक, ताईचा आयटिन एसएसएनच्या रकान्यात टाका, 'नऊच आकडे आहेत, चालतो'. दोन, मुलीला इंडिपेंडंट दाखवा, म्हणजे आईबापाचा पत्ता लागत नाही असं लिहा. आई समोर खुर्चीत बसलीये आणि ही म्हणते पत्ता लागत नाही. खोटी माहिती दिली तर २०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो असं त्याच फॉर्मवर लिहिलेलं असतं, आणि तो दंड भरायला ही बाई थोडीच येणार आहे. शून्य स्टार.

त्यातला पहिला सल्ला मीही फुकटात स्वतःला दिला होता हे कबूल करते. आयटिन दिसायला अगदी एसएसएनसारखाच, नऊ आकडे, मधे तशाच दोन रेघा, फक्त सुरुवात ९ ने. मी झोपेत असल्यासारखा टाकला आणि अडकले. तसं करायचं नाही. फॅफ्सासाठी सरकारी साइटवर अकाउंट उघडताना 'माझ्याकडे एसएसएन नाही' अशी एक चौकट असते, तिच्यावर टिक करायची, बस. नंतर शाळेतल्या काउन्सेलरने सांगितलं की नवरा-बायकोने टॅक्स एकत्र भरला असेल तर दोघांपैकी एकाचंच अकाउंट पुरतं. म्हणजे मी सुरूच करायला नको होतं! नवऱ्याकडे एसएसएन आहे, त्याने अकाउंट उघडलं, टॅक्सचे आकडे आयआरएसकडून (टॅक्स खात्याकडून) आपोआप आले, वीस मिनिटांत चहा गार व्हायच्या आत काम संपलं. दोन संध्याकाळी मी उगाच डोकं फोडलं.

आता खरा रिव्ह्यू, ताईच्या मुलीच्या फॉर्मचा.

पहिली गोष्ट, जी पुष्कळ जणांना माहीतच नसते, आपल्यातल्याही. मदत मुलाच्या स्टेटसवर मिळते, आईबापाच्या नाही. मूल सिटिझन असेल तर पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत), फेडरल लोन, वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळणारे पैसे) सगळ्याला पात्र, आईबापाकडे कागद असोत नसोत. फॉर्ममध्ये आईबापाचं इमिग्रेशन स्टेटस विचारतच नाहीत. नाव, जन्मतारीख, पत्ता, कमाई वगैरे. पण एसएसएन नाही ही टिक मात्र करावीच लागते, आणि गंमत बघा, ती टिक मी केली तेव्हा मला नुसता कंटाळा आला होता आणि ताईने केली तेव्हा तिचा हात माउसवर थांबला. तीच चौकट. माझ्या टिकेचा अर्थ 'ही एच-फोरवर असेल' असा पण होऊ शकतो, तिच्याही टिकेचा होऊ शकतो, फॉर्मला फरक कळत नाही. पण तिला कळतो ना.

ताई येताना प्लास्टिकच्या फोल्डरमधे सगळे टॅक्सचे कागद घेऊन आली होती, वर्षाप्रमाणे स्टेपल केलेले, आमच्या फायली लाजतील असे. आणि एक निळं पेन. मी म्हटलं पेन कशाला, सगळं ऑनलाईन आहे. तर म्हणे थोरल्याच्या वेळी सही लागली होती. खरंच होतं तिचं. जुन्या फॉर्ममधे एसएसएन नसलेल्या पालकांनी नऊ शून्य टाकायचे, मग सहीचं पान प्रिंट करायचं, सही करून पोस्टाने पाठवायचं. बाबा आदमच्या जमान्यातली पद्धत, पण चालायची. मग 'सोपा' केलेला नवा फॉर्म आला, ३० डिसेंबर २०२३ ला उघडला, आणि त्यात एसएसएन नसलेल्या पालकांना आपला भागच पुरा करता येईना. मार्च २०२४ पर्यंत असंच चाललं होतं, पोरं सिटिझन असून बसली वाट बघत. शिवाय ओळख पटवायला क्रेडिट ब्युरोच्या माहितीवरून प्रश्न विचारायचे, आता ज्या माणसाने जन्मात क्रेडिट कार्ड घेतलं नाही त्याला 'तुमचं जुनं कर्ज कोणतं' विचारून काय मिळणार? एप्रिल २०२४ च्या शेवटी ती ओळख पटायच्या आधीच फॉर्म भरायची मुभा दिली तेव्हा कुठे गाडी हलली. सोपं करायच्या नादात अवघड कसं करावं याचा नमुना. यंदाचा फॉर्म मात्र २४ सप्टेंबर २०२५ लाच उघडला, आणि खरं सांगायचं तर आता बरा चालतो. मुलीने आईच्या ईमेलवर आमंत्रण पाठवलं, ताईने आपला भाग उघडला, स्पॅनिशमधेही आहे. (मराठीत कधी येणार, तो विनोद नवऱ्याने केलाच.)

एक मोठा फरक. एसएसएन नसेल तर आयआरएसकडून आकडे आपोआप येत नाहीत, हाताने भरावे लागतात. यंदासाठी २०२४ चा टॅक्स लागतो, फॉर्म १०४० ची ११ नंबरची ओळ, त्यात एजीआय (ठराविक वजावटीनंतरची कमाई) असतो, तिथून सुरुवात. ताई बोट ठेवून आकडा वाचायची, तिची मुलगी टाईप करायची, मी परत तपासायची, आमची लेक बाजूला चकल्या खात सल्ले देत होती. दीड तास लागला. एवढंच. त्या गाळ्यातली बाई याचेच ४५० घेत होती.

स्टार द्यायचे तर फॉर्मला साडेतीन. पण आता जे लिहितेय ते स्टारमधे बसत नाही.

माहिती कुठे जाते? कायद्याने फॅफ्साची माहिती विद्यार्थ्यांच्या मदतीपुरतीच वापरायची आहे. पण एप्रिल २०२५ मधे आयआरएस आणि इमिग्रेशनवाल्यांचा टॅक्सची माहिती देण्याघेण्याचा करार झाला, आणि तोपर्यंत सगळे हेच म्हणायचे की आयआरएसची माहिती बाहेर जातच नाही. त्यामुळे आता कुठलाही शहाणा काउन्सेलर छातीठोकपणे 'काही होत नाही हो, भरा' असं म्हणत नाही, आणि म्हणत असेल तर त्याच्यापासून दोन हात लांब राहा. आमच्या काउन्सेलरनेही म्हटलं, मी फायदे-तोटे सांगेन, ठरवायचं तुम्ही. मला आधी राग आला, हे काय हात झटकणं, पण नंतर वाटलं प्रामाणिक आहे.

फायद्याचा हिशोब असा. पेल ग्रँट पूर्ण मिळाली तर वर्षाला ७,३९५ डॉलर, परत करायची नाही. चार वर्षं धरली तर तीस हजाराला थोडे कमी. छपरावर चढणाऱ्या माणसाच्या घरात हा आकडा म्हणजे काय ते मी सांगायला नको. तोटा असा की दोघांची नावं आणि पत्ता फेडरल सरकारकडे जातो, अकाउंट एकाचंच असलं तरी नावं दोघांचीही लागतात.

कॅलिफोर्नियात असाल तर मधला रस्ता आहे. ड्रीम ॲक्ट ॲप्लिकेशन हा राज्याचा वेगळा फॉर्म, मुळात कागद नसलेल्या मुलांसाठीचा, पण २०२४ पासून सिटिझन मुलं, ज्यांचे आईबाप बिनकागदाचे आहेत, तीही हा भरू शकतात. माहिती राज्याकडेच राहते. कॅल ग्रँट, म्हणजे राज्याची मदत, यावरून मिळते, कम्युनिटी कॉलेजची ४६ डॉलर युनिटची फी माफ होऊ शकते. पण पेल नाही आणि फेडरल लोन नाही. मुदत २ मार्च, ती चुकवू नका. बाकी राज्यांत नियम वेगवेगळे, आपापल्या शाळेत विचारा.

ताईच्या घरात यावरून आठवडाभर वाद झाला म्हणे. नवरा म्हणाला राज्याचाच भरू. मुलगी म्हणाली काहीच नको, मी आधी नोकरी करते. त्यावर ताई जी भडकली ती आम्हाला वरपर्यंत ऐकू आली, शब्द कळले नाहीत पण चाल ओळखीची होती, आमच्या आईची दहावीच्या निकालाच्या दिवशीची चाल. शेवटी ठरलं कशावरून, तर थोरल्याच्या फॉर्मवरून. त्याच पत्त्याची, त्याच दोन नावांची माहिती तीन वर्षांपूर्वीच गेलेली आहे. 'आता लपवून काय लपणार,' ताई म्हणाली. ज्यांची माहिती अजून कधीच गेलेली नाही त्यांनी हे आपलं म्हणून उचलू नये, त्यांचा हिशोब वेगळा, आणि जमलं तर एखाद्या खऱ्या इमिग्रेशन वकिलाला आधी विचारावं. खऱ्या म्हणजे खऱ्या, नोतारियो नव्हे.

अजून एक, जे त्या गाळ्यात सांगत नाहीत. बिनकागदाच्या आईबापाला पॅरेंट प्लस लोन (आईबापाच्या नावावरचं फेडरल कर्ज) मिळत नाही. पण याच कारणावरून कॉलेजचं एड ऑफिस मुलाला जास्तीचं अनसबसिडाइज्ड (शिकत असतानाच व्याज चढणारं) लोन देऊ शकतं, पहिल्या वर्षी साडेपाच हजाराऐवजी साडेनऊ हजारापर्यंत. आपोआप मिळत नाही, तोंड उघडून मागावं लागतं. कर्ज आहे, ग्रँट नाही, तेव्हा जपून.

फुकट मदतीला पाच स्टार. राज्यातर्फे 'कॅश फॉर कॉलेज' नावाची वर्कशॉप असतात, शाळांत, लायब्ररीत, एक पैसा लागत नाही. शिवाय २०२२-२३ पासून कॅलिफोर्नियात शाळांनाच बघावं लागतं की प्रत्येक सीनियरने फॅफ्सा किंवा ड्रीम ॲक्टचा फॉर्म भरला, नको असेल तर तसं लिहून द्यायची सोय आहे. म्हणजे काउन्सेलरकडे गेलात तर उपकार मागताय असं नाही, ते त्यांचं कामच आहे. आपले लोक उगाच लाजतात. आमच्यात अजून एक असतं, 'आपल्याला काय मिळणारे, कशाला भरा', तर आमचा एसएआय (घरच्यांची ऐपत दाखवणारा आकडा, जितका कमी तितकी मदत जास्त) भलामोठा आला, पेल-बिल काही नाही, पण मुलीच्या नावावर फेडरल लोन हवं असेल तर हाच फॉर्म लागतो, म्हणून भरायचा.

ताईच्या मुलीचा एसएआय शून्याच्या खाली आला. आकड्याच्या आधी ती वजाची रेघ बघून ताईचा चेहरा पडला, तिला वाटलं नापास. पोरीने समजावलं की मामी (स्पॅनिशमधे आईला म्हणतात), इथे वजा म्हणजे चांगलं. मग तिने विचारलं, झालं का एकदाचं? मी म्हटलं हो, यंदापुरतं. हा दरवर्षी भरायचा असतो. ती बोटांवर मोजायला लागली, हिची चार वर्षं, मग धाकटा आत्ता सहावीत आहे, त्याची चार. मग निळं पेन उचलून फोल्डरमधे परत ठेवलं, म्हणाली, राहू दे, परत नियम बदलले तर.