जॉज की एनव्हीडीए: पैसे कुठे घालावेत?

नवा लॅपटॉप घेतला की आमच्यातल्या बहुतेकांना एकच प्रश्न पडतो. जॉजसाठी पैसे साठवायचे, की एनव्हीडीएवर भागवायचं? मी अंध आहे आणि हे दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्राम, वापरतो: घरी फुकटचा एनव्हीडीए, ऑफिसात विकतचा जॉज. माझं मत आधीच सांगतो. शिकायला सुरुवात एनव्हीडीएवर करा आणि जॉजचा खर्च शक्यतो स्वतःच्या खिशातून करू नका.

जॉज महाग का, हे त्याचा इतिहास पाहिला की कळतं. अमेरिकेतले टेड हेंटर मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचे. 1978 मध्ये मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे ते प्रोग्रामिंग शिकले आणि 1987 मध्ये भागीदारीत कंपनी काढली. विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरचा तिचा जॉज 1989 चा, विंडोजवरचा 1995 चा. त्या काळात पडद्यावर काय आहे हे विंडोज स्क्रीन रीडरला नीट सांगत नसे. पडद्याकडे निघालेला मजकूर वाटेतच पकडायचा, कुठलं अक्षर कुठे उमटलं याचा नकाशा स्वतः मांडायचा आणि मग तो बोलून दाखवायचा, असा सगळा उद्योग होता. विंडोजची नवी आवृत्ती आली की बरंचसं काम पुन्हा करावं लागे. मेहनत अफाट आणि गिऱ्हाईक मूठभर, त्यामुळे किंमत चढीच राहिली. व्यावसायिक वापराचा कायमचा परवाना अमेरिकेत हजार डॉलरच्या वर गेला. आपल्याकडे त्या पैशांत चांगला लॅपटॉप येतो. शिवाय पुढच्या आवृत्त्या हव्या असतील तर देखभालीचा करार वेगळा घ्यावा लागतो.

एनव्हीडीएची सुरुवात 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. ती करणारे मायकेल करन स्वतः अंध. डोळस माणसाला कॉम्प्युटरबरोबर पडदा मिळतो, मग अंधाने ऐकण्यासाठी वेगळे पैसे का मोजायचे, ही त्यांच्या कामामागची भूमिका. जेम्स टे हे त्यांचे अंध मित्र सोबत आले आणि 2007 मध्ये एनव्ही अ‍ॅक्सेस ही ना-नफा संस्था उभी राहिली. तोवर विंडोज आणि ब्राउझर स्वतःहून ‘हे बटण, हे हेडिंग’ अशी माहिती देऊ लागले होते, त्यामुळे छोट्या गटालाही हे काम झेपलं. कोड मुख्यतः पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेला आणि सगळ्यांसाठी खुला आहे. खर्च मुख्यतः देणग्या आणि अनुदानांवर चालतो. म्हणून कमवायला लागलात की थोडे पैसे त्यांना जरूर पाठवा.

परवाना नसेल तर जॉज 40 मिनिटं चालतो आणि नंतर कॉम्प्युटर पुन्हा सुरू करावा लागतो. कॉलेजात असताना आमच्या प्रयोगशाळेत हाच प्रकार होता. प्रोजेक्टचं एक पान अर्धं व्हायचं आणि आवाज बंद. मग न ऐकताच कंट्रोल-एस दाबायचं, मशीन बंद करून चालू करायचं, आणि वाक्य कुठे सोडलं होतं ते शोधायचं. त्या तीन वर्षांत माझी किती वाक्यं अर्धवट राहिली ते माझं मलाच माहीत. नंतर एका मित्राने पेन ड्राइव्हवर एनव्हीडीए दिला. तो इन्स्टॉलही करावा लागला नाही, थेट ड्राइव्हवरूनच बोलू लागला. त्या दिवशी मी जेवायलाही उठलो नाही.

रोजच्या कामात दोघांत फार फरक नाही. वेबपानावर दोन्हींत एच दाबलं की पुढचं हेडिंग, बी दाबलं की बटण, टी दाबलं की तक्ता. एकावर हात बसला की दुसरा आठवड्याभरात जमतो. जॉज पुढे जातो तो ऑफिसात. जुनी बँकिंग सॉफ्टवेअर, कॉल सेंटरचे प्रोग्राम, जिथे बटणांना नावंच नसतात, तिथे जॉजसाठी खास स्क्रिप्ट, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, लिहून घेता येते आणि अडलेलं काम सुरू होतं. एनव्हीडीएलाही अ‍ॅड-ऑन आहेत, पण नेमकं तुमच्या ऑफिसातल्या सॉफ्टवेअरसाठी ते कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं.

मराठी वाचायची असेल तर मात्र किमतीकडे बघून निर्णय घेऊ नका. जॉजबरोबरचा इलोक्वेन्स हा आवाज भन्नाट वेगाने बोलतो, पण त्याला मराठी येत नाही. मराठीसाठी दुसरा आवाज लागतो, तो वितरकाकडे आधी ऐकून बघा. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजात मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे आणि पहिले चार दिवस कानाला टोचतो. पण सवय झाली की त्याच आवाजात अख्खी कादंबरी ऐकता येते.

खरी अडचण स्क्रीन रीडरच्या पलीकडे आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी फाइल उघडली की दोन्ही स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वाचत सुटतात. पडद्यावर मराठी दिसत असली तरी फाइलच्या पोटात ती नसते. हजार डॉलरचा परवानाही इथे कामाला येत नाही. अशी फाइल पाठवणाऱ्याकडे युनिकोडमधली प्रत मागा, आणि मागताना संकोच करू नका.

विंडोजमध्येच येणारा नॅरेटर हा स्क्रीन रीडरही आता बराच सुधारला आहे. कंट्रोल, विंडोज आणि एंटर एकदम दाबलं की तो सुरू होतो. नव्या मशीनवर एनव्हीडीए उतरवून घेईपर्यंत उपयोगी पडतो. रोजच्या कामाला मी तो वापरत नाही.

आता नोकरीबद्दल. सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला कामासाठी वाजवी सोयी द्याव्यात, असं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 सांगतं. तेव्हा परवान्याची मागणी लेखी करा. त्याआधी ऑफिसच्याच मशीनवर दोन्ही चालवून बघा. जॉजची ती 40 मिनिटं चाचणीसाठीच असतात. एनव्हीडीए कुठल्या स्क्रीनवर गप्प होतो, कुठलं बटण वाचत नाही, तिथे जॉज काय करतो, हे एका कागदावर लिहून काढा आणि अर्जाला जोडा. नुसतं ‘जॉज हवा’ असं लिहिलेला माझा पहिला अर्ज चार महिने पडून होता. दुसऱ्याला सात स्क्रीनची यादी जोडली, तो मंजूर झाला.