मायलेजचा नियम ठेवावा की सैल सोडावा?

शोरूममध्ये आपण ‘किती देते?’ विचारतो आणि लगेच आकडा मिळतो. तो पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेसारख्या प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी पळवून काढलेला असतो. अशाच चाचण्यांवर केंद्राचा ‘कॅफे’ नियम चालतो: कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या कारच्या इंधनखर्चाची सरासरी ठरावीक मर्यादेत हवी. 2017-18 पासून ही मर्यादा किलोमीटरमागे साधारण 130 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होती, 2022-23 पासून 113. पेट्रोलच्या हिशेबात लिटरला 18 किलोमीटरवरून 21.

नियम नको म्हणणारे सांगतात, पेट्रोल महागलं की लोक आपणच चांगल्या मायलेजची गाडी घेतील. हे अर्धंच खरं आहे. वर्षाला 12,000 किलोमीटर धावणाऱ्या गाडीला 18 आणि 21 मधला फरक सुमारे 95 लिटरचा, म्हणजे शंभराच्या भावाने साडेनऊ हजारांचा. नवी गाडी घेणारा तेवढ्यासाठी सनरूफ सोडत नाही, आणि पाच-सहा वर्षांत गाडी विकूनही टाकतो. पुढे ती साताऱ्याचा एखादा दुकानदार सेकंडहँड घेतो. पाचशेचं पेट्रोल टाकून काटा किती वर चढला ते पाहणारा हा माणूस इंजिन ठरलं तेव्हा कुठेच नव्हता. पेट्रोलचा भाव त्याच्या खिशाला लागतो, पण इंजिन बदलू शकत नाही. माझ्या लेखी नियम त्याच्यासाठी हवा.

अमेरिकेने दोन्ही करून पाहिलं. 1973च्या तेलबंदीनंतर 1975 मध्ये मायलेजचा कायदा आला. पुढे तेल स्वस्त झालं आणि कारच्या किमान मायलेजची मर्यादा 1990 ते 2010 गॅलनला 27.5 मैलांवरच, म्हणजे लिटरला जेमतेम 12 किलोमीटरवर अडकली. एसयूव्ही ‘हलके ट्रक’ म्हणून सवलतीत सुटल्या आणि रस्ते त्यांनीच भरले. 2025 मध्ये तर नियम मोडल्याचा दंडच शून्य केला.

सैल सोडण्याच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला टोचतो: नव्या तंत्राने छोटी गाडी महागते, आणि दुचाकीवरून पहिल्या कारकडे येणारं कुटुंब मागे राहतं. त्यांना सवलत जरूर द्यावी, पण तिची भरपाई जड गाड्यांकडून घ्यावी. आज उलटं आहे: वजन जास्त तितकी मर्यादा सैल. 2027 पासूनच्या पुढच्या टप्प्याचा मसुदा वाचाल तेव्हा आधी ही वजनाची उतरंड तपासा, मग एक इलेक्ट्रिक गाडी हिशेबात किती गाड्या म्हणून मोजली आहे ते पाहा. दुसऱ्या, म्हणजे 2022-23 पासूनच्या टप्प्यात ती तीन धरली आहे.