सबवूफर: दिवाळी ते पावसाळा, वापरानंतरचा अनुभव

सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा वेगळा स्पीकर, घेताना माझी अट एकच होती: डग्गा डग्ग्यासारखा वाजला पाहिजे. मींड घेतली की सूर वर-खाली सरकताना ऐकू यावा, नुसता घुमून विरू नये. बुकशेल्फ स्पीकरच्या पाच इंची वूफरला ते झेपत नव्हतं. गेल्या दिवाळीला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला, १२ इंची, सीलबंद पेटीचा सबवूफर आणला. सोलापूरचा उन्हाळा त्यानं काढला, आता पाऊस सुरू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दुकानात पोर्टवाली, म्हणजे हवा आत-बाहेर जायला भोक असलेली पेटीही ऐकली. तेवढ्याच वॉटमध्ये ती जास्त धमक देते, सिनेमाला छानच. पण पोर्ट ज्या स्वरावर जुळवलेला असतो त्याच्या खाली तिचा आवाज दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबलनं कोसळतो. सीलबंद पेटीत ही उतरण १२ डेसिबलची. शिवाय लहान हॉल स्वतःच खालचे स्वर उचलून धरतो, त्यामुळे तीही बरीचशी भरून निघते. तबला-पखवाज ऐकणाऱ्यानं सीलबंदच घ्यावा, हे माझं ठाम मत.

खरी कसोटी जागा ठरवताना लागते. आमचा जुळे सोलापूरचा हॉल १८ बाय १२ फूट. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीनं भागलं की खोली कोणत्या सुरांवर घुमणार ते कळतं. आमच्याकडे ३१ आणि ४७ हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, म्हणजे ती या दोन्हींच्या मधेच येते. म्हणून पेटी आधी सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवली, खालचे सूर भरपूर असलेलं एक गाणं परत परत लावलं आणि भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरत कान लावले. टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात एखादाच सूर फुगायचा, बाकीचे हरवायचे. लांब भिंतीच्या साधारण एक तृतीयांशावर मात्र प्रत्येक सूर सारखा आला. घरात सगळ्यांना पेटी कोपऱ्यातच हवी होती. दोन्ही जागा ऐकवल्या, मग आईनंच तिथली कुंडी उचलून जागा करून दिली.

भिंतीवर जाड सोलापुरी चादर लावून बघ, असं एका मित्रानं सुचवलं. लावली. टाळांचा चिरका पडसाद लगेच कमी झाला, बेस होता तसाच. ४७ हर्ट्झची लाट २४ फूट लांब असते, चादरीच्या जाडीनं तिला काय फरक पडणार! चादर तरी ठेवली आहे, कारण वरचे सूर खरंच निवळले.

क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्झवर आहे. त्याच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला फारसं कळत नाही, म्हणून डग्गा समोरच्या स्पीकरमधूनच आल्यासारखा वाटतो. सूर असे वाटून देण्याचं काम रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारं मुख्य यंत्र) करत असेल तर सबवूफरवरचं क्रॉसओव्हरचं बटण शेवटपर्यंत वर ठेवावं, नाहीतर दोनदा गाळणी लागते. फेजसाठी, म्हणजे सबवूफर आणि स्पीकरच्या लाटांनी एकमेकींना मारू नये म्हणून, भाच्याला बटण बदलायला पेटीजवळ बसवलं. ० आणि १८० अंशांपैकी ज्यात बेस भरीव लागला ते ठेवलं. गेनबद्दल, म्हणजे सबवूफरचा आवाज किती ठेवायचा याबद्दल, माझा नियम असा: चालू असताना सबवूफर आहे हे लक्षात येऊ नये, बंद केल्यावर मात्र चुकल्यासारखं वाटावं.

सुरुवातीला बारीक 'घूं' येत असे. केबल टीव्हीची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली की ते थांबायचं, म्हणजे ग्राउंड लूप, उपकरणं एकाहून जास्त वाटांनी जमिनीला जोडली गेल्यानं येणारी घरघर. त्या वायरवर ती वाट तोडणारा आयसोलेटर लावला, सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेतली आणि 'घूं' गेलं. यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नका, जिवाशी खेळ आहे. मे महिन्यात मागची अ‍ॅम्प्लिफायरची पट्टी हाताला चांगलीच गरम लागायची, म्हणून पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली आहे.

आता शेजार. पेटीखाली रबराचे पाय लावल्यावर शोकेसच्या काचांचा खडखडाट गेला, पण खालच्या काकांकडे बेस पोचतोच. रबर पेटीचा हादरा अडवतं, हवेतून जाणारा आवाज नाही. त्यांच्याशी बोलून ठरवलं आहे, रात्री नऊनंतर रिसीव्हरवर सबवूफरची पातळी ६ डेसिबलनं खाली. तेवढ्यातही विलंबित तीनतालाचा ठेका पुरेसा भरीव लागतो.