तेल-पाणी प्रयोगाचा किट: मस्त आहे पण पुस्तिका अपुरी
तेलात असणाऱ्या ओलिक अ‍ॅसिडच्या थेंबावरून रेणूची लांबी काढायचा किट घेतला. डिस्टिल्ड वॉटरवर लायकोपोडियम पावडर (एका वनस्पतीच्या बीजाणूंची बारीक भुकटी) भुरभुरून थेंब सोडला तर पावडर झटकन बाजूला सरली, मोठ्ठं वर्तुळ पडलं आणि हिशोब केला तर एका रेणूइतक्या त्या थराची जाडी, म्हणजेच रेणूची लांबी, 2 नॅनोमीटरच्या आसपास, अंगावर काटाच आला! मग कुजलेली पानं भिजवलेलं पाणी घेतलं तर वर्तुळ एवढुसंच. म्हणजे पाण्यात विरघळलेले काही सेंद्रिय पदार्थ पृष्ठभागावर आधीच जागा धरून बसतात, शुद्ध पाण्याचा 72 मिलिन्यूटन प्रति मीटरचा पृष्ठताण खाली येतो आणि तेलाला बाहेर ओढणारा जोर कमी पडतो. पुस्तिकेत यावर एक ओळ नाही, फार खटकलं. साबणाचा अंश राहिलेला ट्रे पण चालत नाही. ड्रॉपर मात्र एक नंबर, थेंब अगदी एकसारखे पडतात.